थोरांपासून काय घ्यावे?

शाळेच्या सभागृहात भिंतीवर ओळीने तसबिरी लावलेल्या असतात. तुमच्या शाळेतही त्या असतीलच. शिवछत्रपती, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले, लोकमान्य टिळक, महात्मा गांधी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चेहरे आपण लहानपणापासून ओळखतो. वर्षातून एकदा प्रत्येकाची जयंती येते. त्या दिवशी तसबीर खाली उतरवून पुसतात, तिला झेंडूचा हार घालतात, उदबत्ती लावतात. दोनचार विद्यार्थी पाठ केलेली भाषणे म्हणून दाखवतात, पाहुणे उपदेशाचे चार शब्द सांगतात आणि खाऊ वाटून समारंभ संपतो. दुसऱ्या दिवशी हार सुकतो, तसबीर पुन्हा खिळ्यावर जाते आणि पुढच्या वर्षापर्यंत तिच्यावर धूळ साचू लागते.

मी पस्तीस वर्षे शाळेत घालवली. आधी शिक्षक म्हणून आणि नंतर मुख्याध्यापक म्हणून. असे शेकडो समारंभ मी पाहिले आणि त्यांत कितीतरी भाषणे केली. आता निवृत्तीनंतर मागे वळून पाहताना एक प्रश्न माझ्या मनात वारंवार येतो. आपण त्या थोर माणसांना हार दिला, फुले दिली, टाळ्या दिल्या. पण त्यांच्यापासून आपण काय घेतले? घेतले नसेल, तर का घेता आले नाही?

या प्रश्नाचे उत्तर मला एका प्रसंगाने शिकवले. तो प्रसंग माझ्या मोठेपणाचा नाही. माझ्या चुकीचा आहे. म्हणूनच तो तुम्हांला सांगावासा वाटतो.

गोष्ट १९९१ सालची आहे. मी तेव्हा एका गावच्या शाळेत मराठी शिकवीत होतो. गांधी जयंतीच्या दिवशी भाषणाचे काम माझ्याकडे आले. मी मुलांना गांधीजींच्या आत्मचरित्रातील एक हकिकत सांगितली. मोहनदास तेव्हा सुमारे पंधरा वर्षांचे होते. त्यांच्या भावाला पंचवीस रुपयांचे कर्ज झाले होते. ते फेडण्यासाठी भावाच्याच हातातील सोन्याच्या कड्याचा एक तुकडा मोहनदासांनी कापून घेतला. कर्ज फिटले, परंतु मन स्वस्थ बसू देईना. वडिलांना सांगावे, तर तोंडाने सांगण्याचे धैर्य होईना. अखेर त्यांनी सारा अपराध एका चिठ्ठीत लिहिला, शिक्षा मागितली, पुन्हा चोरी न करण्याचे वचन दिले आणि ती चिठ्ठी आजारी वडिलांच्या हाती दिली. वडील फळीवर पडून होते. ते उठून बसले. चिठ्ठी वाचता वाचता त्यांच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले आणि कागद भिजला. क्षणभर त्यांनी डोळे मिटले, चिठ्ठी फाडून टाकली आणि ते पुन्हा आडवे झाले. रागाचा एक शब्दही ते बोलले नाहीत. त्या अश्रूंनी आपले मन धुऊन निघाले, असे गांधीजींना वाटले. पुढे अहिंसेचा अर्थ उमगल्यावर, त्या दिवशी आपल्याला अहिंसेचाच पहिला पाठ मिळाला होता, हे त्यांच्या ध्यानात आले.

मी ही हकिकत मोठ्या रंगात सांगितली. सभागृह स्तब्ध झाले होते. माझे भाषण चांगले झाले, असे सर्वांनी म्हटले आणि मलाही तसेच वाटले.

त्या सुमारास आमच्या शाळेतील पृथ्वीचा गोल फुटलेला आढळला होता. गोल नवा होता आणि महागाचा होता. खोल्या झाडण्याचे काम शाळेच्या शिपायांकडे असे. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. मामांच्याच हातून गोल पडला असावा, असे सर्वांनी गृहीत धरले आणि त्याची किंमत त्यांच्या पगारातून कापण्याचे घाटत होते. भाषणानंतर चौथ्या दिवशी सहावीच्या वर्गात माझ्या मेजावर एक घडी केलेला कागद दिसला. एका मुलाने लिहिले होते की, गोल माझ्या हातून पडला, मामांचा काही दोष नाही, मला शिक्षा करावी.

मी काय केले? मी ती चिठ्ठी साऱ्या वर्गासमोर मोठ्याने वाचली. "इतके दिवस तोंड शिवले होते काय?" असे म्हणून त्या मुलाला उभे केले आणि शाळा सुटेपर्यंत वर्गाबाहेर राहण्याची शिक्षा दिली. तो मुलगा काही बोलला नाही. व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून तो उभा राहिला. जाणारा येणारा त्याच्याकडे पाहत होता.

संध्याकाळी मामा खिडक्या लावीत होते. मी वह्या आवरीत होतो. ते म्हणाले, "सर, त्या दिवशी तुम्ही गांधीजींची गोष्ट सांगितलीत ना, ती मी दाराशी उभा राहून ऐकली. त्यांच्या वडिलांनी चिठ्ठी फाडून टाकली होती, होय ना?"

एवढेच बोलून ते पुढच्या खिडकीकडे गेले. माझ्याने काही उत्तर देववेना. माझ्या खिशात त्या मुलाची चिठ्ठी तशीच होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. चार दिवसांपूर्वी ज्या हकिकतीने मी मुलांना हेलावून सोडले, ती माझ्या स्वतःच्या अंतःकरणात मुळीच उतरली नव्हती. ती माझ्या जिभेवर होती, एवढेच. ज्या मुलाने ती मनावर घेतली आणि तिच्याप्रमाणे वागण्याचे धैर्य केले, त्यालाच मी शिक्षा दिली. दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर उभा राहून त्याची क्षमा मागितली आणि मामांचीही मागितली. मुलाने मान खाली घालून ऐकले. तो पुढेही माझ्याशी आदरानेच वागला. परंतु त्या वर्षी शाळेत आणखी काचा फुटल्या, ग्रंथालयातील पुस्तकांची पाने फाटली. माझ्या मेजावर मात्र पुन्हा एकही चिठ्ठी आली नाही. एकदा मोडलेला विश्वास क्षमा मागितल्याने पुरता सांधत नाही, हे मला तेव्हा कळले.

तेव्हापासून मी थोरांची चरित्रे निराळ्या रीतीने वाचू लागलो. त्यातून माझे जे मत बनले, ते थोडक्यात असे: थोर माणसे पूजा करण्यासाठी नसतात, त्यांची सोबत करायची असते. पूजेत आपण त्यांना उंच बसवतो आणि आपण खाली राहतो. सोबतीत मात्र त्यांच्या पावलाबरोबर आपल्यालाही एक पाऊल टाकावे लागते.

पूजा सोपी असते. तिच्यात आपल्याला काही बदलावे लागत नाही. 'ते थोर होते, आपल्याला ते कसे जमणार?' असे एकदा म्हटले की आपण मोकळे होतो. वरवर पाहता हे बोलणे नम्रतेचे वाटते. परंतु खोलवर पाहिले तर ती एक पळवाट आहे. थोर माणसे जन्मतःच निराळी असती, तर त्यांच्यापासून शिकण्यासारखे काही उरलेच नसते. पक्ष्याला उडताना पाहून माणूस उडायला शिकत नाही. आपण शिकू शकतो ते आपल्यासारख्याच माणसांपासून, म्हणजे ज्यांना भूक लागली, भीती वाटली, राग आला, अपयश आले आणि तरीही ज्यांनी योग्य ते केले, अशांपासून.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, थोरांच्या मोठ्या पराक्रमांबरोबर त्यांच्या लहान कृतीही पाहाव्यात. शिवछत्रपतींचे नाव घेताच आपल्या डोळ्यांसमोर प्रतापगड, आग्रा, रायगड ही दृश्ये उभी राहतात. परंतु १६७३ साली, म्हणजे राज्याभिषेकाच्या एक वर्ष आधी, चिपळूणजवळच्या आपल्या लष्कराच्या छावणीतील अधिकाऱ्यांना त्यांनी पाठवलेले एक पत्र उपलब्ध आहे. त्या पत्रात लढाईच्या डावपेचांची चर्चा नाही. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आणि वैरण बेताने वापरा, असे त्यात सांगितले आहे. वैरण आधीच संपली, तर घोडे उपाशी मरतील आणि तुम्ही रयतेला उपद्रव द्याल; कोणी शेतकऱ्याचे धान्य आणील, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजीपाला. तसे झाले, तर बिचारे लोक घरदार सोडून जातील आणि शत्रूपेक्षा तुम्हीच वाईट असे म्हणतील, असा इशारा त्यात आहे. लागेल ते बाजारातून विकत घ्या, असा हुकूम आहे. एवढ्यावर ते पत्र थांबत नाही. रात्री दिवे जळत ठेवू नका, एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतकी बारीक सूचना त्यात आहे.

ज्या राजाला चहूबाजूंच्या शत्रूंशी झुंजायचे होते, त्याला गरीब शेतकऱ्याच्या भाजीपाल्याची आणि उंदराने नेलेल्या वातीची काळजी करायला वेळ होता! मला या पत्रातले शिवाजी महाराज घोड्यावर बसलेल्या महाराजांइतकेच थोर वाटतात. तलवार चालवण्याचा प्रसंग तुमच्या आयुष्यात बहुधा येणार नाही. परंतु दुसऱ्याच्या शेतातून चालण्याचा, वाटेवरच्या झाडाचे फळ तोडण्याचा, सार्वजनिक नळ उघडा दिसण्याचा प्रसंग रोज येतो. त्या वेळी ज्याला हे पत्र आठवेल, त्याने महाराजांपासून काही घेतले, असे मी म्हणेन.

दुसरे सांगणे असे की, थोरपणा एका दिवसात घडत नाही. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वाटेने जाण्यात असतो. १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात, जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. तेथे शिकवू लागल्या तेव्हा सावित्रीबाई अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. त्यांना स्वतःला लिहिणेवाचणे शिकून फार वर्षे झाली नव्हती. मुलींनी शिकणे हे पाप मानणारे लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकीत. सावित्रीबाई जाताना बरोबर एक जादा लुगडे नेत असत. शाळेत पोहोचल्यावर खराब झालेले लुगडे बदलायचे आणि शिकवायला उभे राहायचे.

मुलांनो, त्या जादा लुगड्याचा विचार करा. पहिल्या दिवशी अंगावर शेण पडले, तेव्हा धीर धरणे अवघड होते. परंतु त्याहून अवघड गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळची होती. आज पुन्हा शेण पडणार, हे ठाऊक असताना शांतपणे लुगड्याची घडी पिशवीत ठेवायची आणि घराबाहेर पडायचे! धैर्य म्हणजे मोठ्याने गर्जना करणे, अशी आपली समजूत असते. मला वाटते, घडी करून बरोबर घेतलेले ते लुगडे हीच धैर्याची खरी खूण होय. आणि हे धैर्य जन्मभर टिकले. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा लोक रोग्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. सावित्रीबाई मात्र रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले. त्यातच त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. पाठीवर मूल घेणारी ती सहासष्ट वर्षांची वृद्धा आणि जादा लुगडे घेऊन निघणारी ती सतरा वर्षांची मुलगी, या दोघींमध्ये अशा असंख्य सकाळी आहेत. त्या सकाळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

अपयशाचेही तसेच आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांना १९५८ साली, वयाची शंभर वर्षे पूर्ण होत असताना, 'भारतरत्न' हा सन्मान मिळाला. हे आपल्याला पाठ असते. परंतु १८७५ साली कोकणातील मुरुडहून एक किडकिडीत मुलगा आपल्या सोबत्यांबरोबर शंभराहून अधिक मैल चालत, सह्याद्रीचा घाट चढून, परीक्षेसाठी साताऱ्याला गेला होता, हे फारसे सांगितले जात नाही. तो दिसायला लहान होता. याचे वय सतरा वर्षांचे नाही, असे ठरवून परीक्षकांनी त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. आला तसा तो परत गेला. तोच मुलगा पुढे महर्षी कर्वे झाला. मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होईपर्यंत त्यांना तेविसावे वर्ष लागले. पुढे गणिताचे प्राध्यापक झाल्यावर त्यांनी हिंगण्याच्या माळावर विधवा मुलींसाठी आश्रम नेला, तेव्हाही कॉलेजातले काम आटोपून ते चिखलवाटेने चालत हिंगण्याला जात आणि तेथे शिकवीत. मुरुड ते सातारा ही चाल आणि पुणे ते हिंगणे ही चाल एकाच माणसाची आहे. पहिली चाल स्वतःच्या शिक्षणासाठी होती आणि दुसरी दुसऱ्यांच्या शिक्षणासाठी. परीक्षेत एखादा विषय राहिला म्हणून खचून जाणाऱ्या मुलाने साताऱ्याहून परत निघालेल्या त्या मुलाला क्षणभर मनात सोबतीला घ्यावे.

तिसरे सांगणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्याला झालेल्या दुःखाचे काय करायचे, हे थोरांपासून शिकावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेतील आठवणी स्वतः लिहून ठेवल्या आहेत. वर्गात त्यांना इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. बसण्यासाठी ते घरून गोणपाटाचा तुकडा नेत आणि शाळा सुटल्यावर तो पुन्हा घरी आणीत. कारण तो उचलायलाही शाळेतला नोकर तयार नसे. तहान लागली तर त्यांना नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला, तरच पाणी मिळे. शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहावे लागे.

अशा मुलाच्या मनात काय साचले असेल! दुःख माणसाला दोन वाटांनी नेऊ शकते. एका वाटेने गेलेला म्हणतो, 'मला छळले, मीही छळीन.' दुसऱ्या वाटेने गेलेला म्हणतो, 'मला जे सोसावे लागले, ते यापुढे कोणालाही सोसावे लागू नये.' बाबासाहेबांनी दुसरी वाट धरली. त्यांनी अतोनात अभ्यास केला, न्यूयॉर्क आणि लंडन येथील उच्च पदव्या मिळवल्या. आणि २० मार्च १९२७ रोजी, ज्याला नळाला हात लावू दिला नव्हता तोच मुलगा, हजारो माणसांच्या अग्रभागी महाडच्या चवदार तळ्यावर गेला आणि तेथील पाणी त्याने ओंजळीत घेतले. ती ओंजळ एकट्याच्या तहानेसाठी नव्हती. पुढे भारताच्या राज्यघटनेचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष झाले आणि १९५० साली अमलात आलेल्या त्या घटनेने अस्पृश्यता नष्ट केली. तुमच्या वर्गात एखाद्या मुलाला कोणी डब्यात हात घालू देत नसेल, खेळात घेत नसेल, त्याच्या बोलण्याची किंवा कपड्यांची टिंगल करीत असेल, तर त्या वेळी चवदार तळ्याची आठवण व्हायला हवी. त्याच्या शेजारी जाऊन बसणे हीसुद्धा एक ओंजळच आहे.

येथे कोणी विचारील, 'थोर माणसांच्या हातून चुका झाल्या असतील, तर काय करावे? त्या झाकाव्यात काय?' मला वाटते, चुका झाकू नयेत आणि त्या उगाळत बसण्यातही अर्थ नाही. चूक झाल्यावर त्या माणसाने काय केले, ते पाहावे. सम्राट अशोकाचे उदाहरण घ्या. सुमारे बावीसशे ऐंशी वर्षांपूर्वी त्याने कलिंग देश जिंकला. त्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख माणसांना देशोधडीला लावले गेले आणि याहून कितीतरी अधिक माणसे मेली. हे आकडे त्याच्या शत्रूंनी लिहिलेले नाहीत. ते त्याने स्वतः आपल्या तेराव्या शिलालेखात कोरून ठेवले आणि आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो, हेही त्याच लेखात कोरले. विजयाचे स्तंभ अनेक राजांनी उभारले. आपल्या विजयाबद्दलचे दुःख दगडावर कोरणारा राजा विरळाच.

परंतु या कथेत आणखी एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. हा तेरावा लेख अशोकाच्या राज्यात दूरदूरच्या ठिकाणी आढळतो. मात्र प्रत्यक्ष कलिंगात, धौली आणि जौगड येथे, तो कोरलेला नाही. तेथे त्याच्या जागी निराळे लेख आहेत. सर्व प्रजा मला माझ्या मुलांसारखी आहे, कोणालाही अन्यायाने बंदीत टाकू नका, असे अधिकाऱ्यांना त्यांत बजावले आहे. पराभूतांच्या जखमेवर पुन्हा मीठ चोळू नये, असे अशोकाला वाटले असेल काय? की ज्यांचा अपराध केला त्यांच्याच समोर तो उच्चारणे सम्राटालाही जड गेले असेल? याचे उत्तर तुम्ही आपल्या मनाशी शोधा. मी स्वतः जेव्हा त्या मुलासमोर उभा राहून क्षमा मागितली, तेव्हा ते किती जड असते, हे अनुभवले आहे. म्हणून मी अशोकाला हसत नाही आणि त्याची नुसती आरतीही करीत नाही. मी त्याच्याबरोबर थोडा वेळ बसतो.

आता एक धोका सांगतो. हल्ली थोर पुरुषांची वाटणी करण्याची वाईट खोड आपल्याला लागली आहे. हे आमचे, ते तुमचे. आमचे मोठे, तुमचे लहान, असे वाद मोठी माणसे घालतात आणि मुले ते ऐकतात. जो दिवा सर्वांना प्रकाश देतो, त्याच्या मालकीवरून भांडणाऱ्यांच्या वाट्याला केवळ काजळी येते. तुमचा गाव, तुमची जात, तुमचा धर्म कोणताही असो, सावित्रीबाईंचे धैर्य तुमचे आहे, कर्व्यांची चिकाटी तुमची आहे, बाबासाहेबांची ओंजळ तुमची आहे. ती घेण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि ती घेतल्याने दुसऱ्याची कमीही होत नाही.

मग घ्यावे तरी कसे? मला सुचते ते सांगतो. एका वेळी एकच माणूस निवडावा. त्याच्याविषयी ऐकीव गोष्टींवर न थांबता त्याचे चांगले चरित्र, आणि त्याने स्वतः काही लिहिले असेल तर तेही, ग्रंथालयातून आणून वाचावे. वाचताना मनाशी तीन प्रश्न विचारावेत. या माणसाला कशाची भीती वाटत होती? कोणी पाहत नसताना तो कसा वागला? चूक झाल्यावर त्याने काय केले? या प्रश्नांची उत्तरे शोधताना तसबिरीतील चेहरा हळूहळू जिवंत होऊ लागतो. नंतर त्याच्या जीवनातील एकच लहान गोष्ट आपल्यासाठी घ्यावी आणि महिनाभर करून पाहावी. खरे बोलायचे ठरवले, तर महिनाभर खरे बोलून पाहावे. ही गोष्ट कोणाला सांगू नये. सांगितली की तिचे भाषण होते, आणि भाषणाचे काय होते, ते मी तुम्हांला सांगितलेच आहे!

असे केल्याने एक विलक्षण अनुभव येतो. मोहाच्या किंवा भीतीच्या क्षणी आपण एकटे नसतो. कोणीतरी आपल्या आधी याच वाटेने गेले आहे, असे जाणवते आणि मनाला बळ येते. अध्यात्म हा शब्द तुम्ही मोठ्या माणसांच्या तोंडी ऐकला असेल. तो फार अवघड आहे, असे समजू नका. आपले मन आतून स्वच्छ असणे, दुसऱ्याचे दुःख आपल्याला कळणे आणि योग्य ते करताना भीती कमी होणे, एवढा अर्थ तुमच्या वयाला पुरे आहे. थोरांची सोबत हेच आपल्याला देते.

मी मुख्याध्यापक झाल्यावर माझ्या मेजाच्या खणात त्या मुलाची चिठ्ठी जपून ठेवली होती. गांधीजींच्या वडिलांनी चिठ्ठी फाडली. मी मात्र ती फाडली नाही. ती त्याच्या अपराधाची म्हणून नव्हे, तर माझ्या अपराधाची म्हणून ठेवली. कोणी मुलगा काही कबूल करायला खोलीत आला की बोलण्याआधी मी तो खण थोडा उघडून पाहत असे. एवढ्या एका सवयीने माझा राग किती वेळा आवरला गेला, याची गणती नाही.

उद्या प्रार्थनेच्या वेळी तुम्ही सभागृहात उभे राहाल, तेव्हा भिंतीवरच्या तसबिरींकडे पुन्हा एकदा पाहा. हार ताजा आहे की सुकला, हे पाहू नका. त्यांतील एकाची आज आपल्याला सोबत हवी आहे काय, हे आपल्या मनाला विचारा. मग वर्गात जा. तेथे कोणीतरी एकटे बसलेले असेल, कोणाची काही वस्तू तुमच्या हातून मोडली असेल, कोणाला काही खरे सांगायचे राहिले असेल. त्यांचे खरे स्मरण तेथून सुरू होते.